आळीतले उलटे पंचांग

दहावी-बारावीचे निकाल लागले आणि घरोघर पेढ्यांच्या पुड्यांचे दोरे सुटू लागले, की आमच्या आळीतील पालकमंडळी आपापल्या चिरंजीवांस अथवा कन्येस पुढे घालून माझ्या दारी येऊ लागतात. नवख्या मनुष्यास हा देखावा पाहून असे वाटण्याचा संभव आहे, की येथे कोणी व्यासंगी गृहस्थ राहत असून तरुणांस व्यवसायमार्गदर्शन करणे हा त्याचा निवृत्तीनंतरचा सात्त्विक छंद असावा. आणि खरे सांगावयाचे तर प्रारंभीची दोन वर्षे मीही याच समजुतीत राहून, धुतलेला सदरा अंगात घालून आणि टेबलावर दोन-चार जाडजूड ग्रंथ उघडे ठेवून त्यांची वाट पाहत बसत असे. परंतु ही मंडळी माझे मत विचारीत नसत, ती फक्त माझा बेत विचारीत.

“काका, सध्या तुम्ही काय शिकताय?”

“डिजिटल मार्केटिंग,” मी सदऱ्याची बाही सावरीत सांगतो.

“ऐकलंस ना, बाळ?” बाप मुलाकडे वळून कृतार्थ मुद्रेने म्हणतो, “ते सोडून बाकी काहीही घे.”

आणि चहा पिऊन, मला नमस्कार करून, मंडळी निर्धास्त मनाने घरी जातात.

हा लौकिक मला एका दिवसात प्राप्त झालेला नाही. त्यामागे जवळजवळ पन्नास वर्षांची अखंड तपश्चर्या आहे. तिचा आरंभ १९७५ साली झाला. महाराष्ट्रात अकरावीला मॅट्रिक होण्याची जी जुनी वहिवाट होती, तिच्यातील अखेरच्या तुकडीत मी होतो. आणि त्याच वर्षी नव्या पद्धतीची दहावीची पहिली तुकडीही बाहेर पडल्यामुळे, माझ्याहून एक इयत्ता मागे असलेला चुलतभाऊ आणि मी एकाच मोसमात उत्तीर्ण झालो. अकरा वर्षे घासून मी जेथे पोहोचलो तेथे तो दहा वर्षांत येऊन उभा होता, आणि वर त्याला माझ्यापेक्षा नऊ गुण अधिक होते. मी मॅट्रिक झालो आणि सरकारने मॅट्रिक बंद केली, हा निव्वळ योगायोग आहे असे त्या वेळी सर्वांनी मानले. लोक तेव्हा भोळे होते.

आमचे तीर्थरूप तात्या कलेक्टर कचेरीत अव्वल कारकून होते आणि नियोजनावर त्यांची अपार श्रद्धा होती. देशाला पंचवार्षिक योजना असते तर मुलाला का नसावी, असा सवाल करून त्यांनी तांबड्या कापडाच्या बांधणीची एक वही माझ्या हाती दिली आणि पहिल्या पानावर, कचेरीतल्या वळणदार अक्षरात, ‘पहिली योजना : १९७६ ते १९८१’ असा मथळा स्वहस्ते घातला. त्याखाली एकच कलम होते : टंकलेखन व लघुलेखन.

“मंत्री येतील आणि मंत्री जातील,” तात्या म्हणाले, “पण त्यांचे हुकूम कोणाला तरी टंकित करावेच लागतील. अरे, गोदरेजवाले १९५५ पासून देशी टंकयंत्रं बनवतायत, ते काय वेडे आहेत?”

ते वेडे नव्हते, आणि म्हणूनच पुढे त्यांनी ती बनविणे थांबविले. पण ही माहिती मजपर्यंत पोहोचण्यास पस्तीस वर्षे अवकाश होता.

आमचा टायपिंग क्लास एका लाकडी जिन्याच्या माथ्यावर होता. एकाच वेळी वीस यंत्रे चालू झाली, की खालच्या मजल्यावरच्या वाण्याच्या बरण्या थरथरत आणि तो काठीने छत ठोकून आपला निषेध नोंदवीत असे. सर कळांवर पुठ्ठा आडवा धरीत, जेणेकरून आमची दृष्टी बोटांकडे जाऊ नये, आणि ए-एस-डी-एफ हा जप करंगळीला पेटके येईपर्यंत चाले. इंग्रजी यंत्र त्या मानाने गरीब स्वभावाचे होते. खरी परीक्षा मराठी यंत्रावर होई. तेथे ‘भ’ हे एक अक्षर नसून दोन कळांचे संयुक्त अपत्य होते : आधी अर्धा भ हाणावयाचा, मग त्याला पूर्णत्व देण्यासाठी काना लावावयाचा, आणि ‘भाऊ’ म्हणावयाचे झाल्यास एकापुढे एक असे दोन काने ठोकावयाचे. घाईत माझ्या हातून नेमका दुसरा काना गळे. एका अर्जाच्या नकलेत मी भाऊसाहेबांचे ‘भऊसाहेब’ केले, तेव्हा सरांनी तो कागद सर्व वर्गास फिरवून दाखविला आणि म्हणाले, “एका कान्यानं माणसाचं भूत होतं, हे ध्यानात ठेवा.” लघुलेखनाविषयी मी अधिक लिहीत नाही. पिटमनसाहेबांच्या त्या बारीक आणि जाड रेघा मी मिनिटाला ऐंशी शब्दांच्या वेगाने ओढीत असे. मात्र मी काय ओढले आहे, हे पुढे मला किंवा अन्य कोणासही वाचता येत नसे.

तथापि मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्द-गतीची शासकीय प्रमाणपत्रे मला मिळाली आणि पहिली योजना सफल झाली. देशाची पाचवी योजना त्याच सुमारास, १९७८ साली, मुदतीपूर्वी एक वर्ष गुंडाळण्यात आली होती, त्यामुळे दिल्लीपेक्षा आमच्या घरचे नियोजन सरस आहे, असा तात्यांचा समज झाला. सेवायोजन कार्यालयात माझे नाव दाखल करण्यात आले आणि तेथील कार्डाचे नूतनीकरण मी ठरल्या मुदतीस, छत्री घेऊन, रांगेत उभा राहून, इमानाने करीत राहिलो. माझ्या व्यावसायिक जीवनात खंड न पडता चाललेली अशी हीच एक गोष्ट होय.

कार्यालयाचे बोलावणे येईना, तेव्हा लालबागचे मामा पुढे सरसावले. प्रत्येक मराठी कुटुंबात असा एक मामा असतो, की जो स्वतः ज्या नोकरीत चिकटलेला आहे तिच्या अमरत्वाविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नसते.

“पोरा, गिरणीत ये,” मामा म्हणाले. “सूर्य एखादे दिवशी उगवणार नाही, पण भोंगा वाजल्याशिवाय राहायचा नाही.”

१९८१ च्या नोव्हेंबरात मी गिरणीच्या ऑफिसात टंकलेखक म्हणून रुजू झालो, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणीकामगार संपावर गेले. त्या संपात ज्यांच्या चुली विझल्या त्यांच्याविषयी विनोद करण्याची माझी प्राज्ञा नाही, आणि मामांनी पुढे बारा वर्षे ‘भोंगा’ हा शब्द उच्चारला नाही, एवढेच येथे नमूद करतो. मी ट्रंक उचलून पुण्यास परत आलो. स्टेशनवर तात्या उभे होते. “दोन महिने झाले का रे पूर्ण?” एवढेच त्यांनी विचारले, आणि घरी गेल्यावर वहीतील दुसऱ्या योजनेवर, कसलाही क्षोभ न दाखविता, ‘तहकूब’ असा शेरा मारला.

त्यानंतर एका सहकारी संस्थेच्या कचेरीत मी दहा-अकरा वर्षे टंकलेखक होतो, आणि तो काळ माझ्या आयुष्यातील सुवर्णयुग म्हणण्यास प्रत्यवाय नाही. काळ्या-तांबड्या दुरंगी फितीचे माझे यंत्र होते, कार्बन लावून एका दमात पाच प्रती काढण्यात माझा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ओळ संपताना वाजणाऱ्या त्या घंटीच्या मंजुळ नादावर माझी निम्मी पचनक्रिया अवलंबून होती. अशा समयी कचेरीत संगणक आला. मी अकरा वर्षे गळक्या छपराखाली पंख्यावाचून काम करीत होतो. संगणकाला मात्र आल्या दिवशी वातानुकूलित खोली मिळाली, खिडक्यांना पडदे मिळाले, आणि त्याच्या दर्शनास जाताना देवळात जावे तशी पादत्राणे बाहेर काढून ठेवण्याचा दंडक झाला. तेथेच माझ्या मनाने खरे म्हणजे सावध व्हावयास हवे होते. ज्याच्या दारात कारकून जोडे काढतो, तो पुढे त्याची खुर्चीही काढून घेतो.

पण साहेब म्हणाले, “घाबरू नका, तुम्हाला शिकवू.” आणि मला वर्डस्टार शिकविण्यात आले. मजकुराच्या तुकड्याच्या आरंभी खूण करण्यास कंट्रोल-के-बी, काम संपवून जतन करण्यास कंट्रोल-के-डी, ही सारी सूत्रे मी रामरक्षेप्रमाणे पहाटे उठून पाठ केली; सौभाग्यवती सांगते, की मी झोपेतही “कंट्रोल-के, कंट्रोल-के” असे पुटपुटत असे आणि शेजारच्या खाटेवरची माझी वृद्ध आत्या त्याला मंत्र समजून हात जोडीत असे. सर्व सूत्रे मुखोद्गत झाली त्या सुमारास पडद्यावर खिडक्या आणि उंदीर अवतरले. साहेबांचा सहावीतला मुलगा एके दिवशी कचेरीत आला, त्याने तो उंदीर दोन वेळा टिचकावला, आणि माझी दीड वर्षाची साधना त्या टिचकीसरशी बरखास्त झाली. लवकरच जादा नोकरांची यादी निघाली आणि मी ‘स्वेच्छेने’ निवृत्त झालो. स्वेच्छा कोणाची, याचा खुलासा त्या पत्रकात नव्हता. ते पत्रक मात्र मीच टंकित केले होते, आणि त्यात एकही काना गळलेला नव्हता.

हातात आलेल्या रकमेचे काय करावे, यावर घरात तीन दिवस खल झाला. आपल्याकडे धंदा निवडण्याची रीत दही लावण्याच्या रीतीहून निराळी नाही. शेजारणीच्या घरचे विरजण आणावयाचे आणि सकाळी तसेच दही लागेल म्हणून झोपी जावयाचे. कोपऱ्यावरच्या गृहस्थाचे एस.टी.डी. बूथ उत्तम चालले होते. मी पिवळा फलक रंगविला, काचेची खोली उभारली, तांबडे आकडे दाखविणारे मीटर बसविले, आणि ज्या आठवड्यात बूथचा नारळ फोडला त्याच आठवड्यात, म्हणजे ३१ जुलै १९९५ रोजी, बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी बोलून या देशातील पहिला मोबाइल संवाद केला. वर्तमानपत्र हातात घेऊन मी हसलो. त्या यंत्रावर मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता, आणि विशेष म्हणजे आलेला फोन उचलणाऱ्यासही पैसे पडत.

“दुसऱ्याचं ऐकून घेण्याचे वर पैसे द्यायचे?” मी गिऱ्हाइकांना म्हणे. “हे आपल्या पुण्यात चालणं शक्य नाही.”

काही वर्षे माझे भाकीत खरे ठरले, हे मी नम्रपणे नोंदवितो. रात्री उशिरा दर उतरले, की माझ्या बूथपुढे रांग लागे. नागपूरच्या मुलीशी बोलणारी माउली एक डोळा मीटरवर ठेवून “बरी आहेस ना, जेवलीस ना, पळतंय गं, ठेवते” एवढ्या तीन वाक्यांत संपूर्ण माहेरपण उरकीत असे. त्या मीटरच्या धाकाने मराठी भाषेला जे सूत्रबद्ध रूप आले, ते कोणत्याही व्याकरणकारास जमलेले नाही. पुढे २००३ साली मोबाइलवर येणारे फोन फुकट झाले आणि माझी काचेची खोली एकाएकी ओस पडली. काही दिवस तीत फक्त पावसात सापडलेले लोक उभे राहत. नंतर नंतर एक मांजर.

या वेळी आमच्या आळीतील एका निवृत्त मामलेदारांच्या दृष्टीस ही परंपरा प्रथम पडली. महसूल खात्यात तीस वर्षे काढलेल्या मनुष्यास नोंदींमधील संगती चटकन दिसते. त्यांनी मला पारावर गाठले, एकेक बोट दुमडीत मॅट्रिक, टंकलेखन, गिरणी, वर्डस्टार आणि बूथ अशी पाच नावे उच्चारली, आणि क्षणभर डोळे मिटून म्हणाले, “अहो, तुम्ही माणूस नाही, तुम्ही पंचांग आहात. फक्त उलटं वाचायचं.”

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पावलावर आळीचे लक्ष राहिले. मी सायबर कॅफे काढला, त्याच महिन्यात समोरच्याने आपला विकला. मी सीडी भाड्याने देऊ लागलो, तेव्हा पलीकडच्या वाड्यातील मुलाने दुकानाचा माल रातोरात बदलून मोबाइलची आवरणे ठेवली आणि आज त्याची चारचाकी माझ्याच दारात उभी असते. धाकट्या मेहुणीला मी मोठ्या उत्साहाने डी.एड.चा सल्ला दिला, तर तिच्या सासऱ्यांनी “यांनी सांगितलंय?” एवढेच विचारून अर्ज फाडला, आणि पुढे शिक्षकभरती आटून त्या विद्यालयांचे वर्ग रिकामे पडू लागले, तेव्हा त्यांनी मला आग्रहाने जेवावयास बोलावून पुरणपोळी वाढली. एप्रिल २०११ मध्ये गोदरेजची अखेरची टंकयंत्रे उरल्याची वार्ता जगभर छापून आली, त्या दिवशी मामलेदार स्वतः घरी येऊन ते कात्रण मला देऊन गेले. पुढे शासनाने यंत्रावरची टंकलेखन परीक्षाही बंद करून ती संगणकावर नेली. इतकेच नव्हे, तर मी तांबड्या वहीत आठवी योजना आखावयास बसलो आणि २०१५ च्या पहिल्या दिवशी देशाच्या नियोजन आयोगाची जागा नीती आयोगाने घेतली. याविषयी मामलेदारांनी माझ्याकडे केवळ पाहिले. ते काही बोलले नाहीत.

आता अलीकडची हकीगत सांगतो. माझा पुतण्या हिंजवडीस संगणक अभियंता आहे. त्याच्या नोकरीची बातमी आली तेव्हा त्याने मला मोठ्या सावधगिरीने विचारले होते, “काका, तुमचा कधी सॉफ्टवेअर शिकायचा विचार नाही ना?” आणि मी नाही म्हणताच वाकून नमस्कार केला होता. असा हा मुलगा गेल्या वर्षी एका रात्री दहा वाजता, घामाघूम, हातात चितळ्यांच्या पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा घेऊन माझ्या दारात उभा राहिला.

“काका, चॅटजीपीटी माहितीये ना?”

“३० नोव्हेंबर २०२२ ला आलं ते,” मी म्हणालो. आम्हां पंचांगवाल्यांना तारखा ठेवाव्या लागतात.

“ते आमचं काम करायला लागलंय. आमच्या टीममधले चौघं घरी बसले.” त्याने खुर्चीच्या कडेवर बसून पुडा माझ्या मांडीवर ठेवला. “काका, तुम्ही एआय शिका.”

“मी? या वयात?”

“मन लावून शिका. फी मी भरतो.”

“पण मला त्याचा उपयोग काय?”

तो आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागला. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला होता, सौभाग्यवती दारात आली, तिने एकवार पेढ्यांकडे, एकवार पुतण्याकडे पाहिले, आणि म्हणाली, “अहो, जा ना. पोराच्या पोटाचा प्रश्न आहे.” तेव्हा कोठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पन्नास वर्षे लोकांनी मला पाहून आपला मार्ग बदलला होता. संपूर्ण मार्गच बंद पाडण्यासाठी मला रीतसर पाचारण करणारा हा पहिलाच.

कुलाच्या कल्याणासाठी मी क्लासात गेलो. तेथील तरुण शिक्षक मोठा विनयशील होता. येथे मुख्यतः प्रॉम्प्टिंग शिकवतात, असे तो म्हणाला. मी त्याला सांगितले, की प्रॉम्प्टिंग मी १९७८ साली गणेशोत्सवाच्या नाटकात विंगेतून केले आहे. मी पुस्तकातले वाक्य पुटपुटावे आणि आमच्या नायकाने भलतेच काही, परंतु अत्यंत आत्मविश्वासाने, प्रेक्षकांस ठणकावून सांगावे, असा तो प्रकार होता. “काका, हे अगदी तसंच आहे,” तरुण म्हणाला, आणि आमची गट्टी जमली. दुर्दैवाने अर्जात पूर्वानुभवाचा रकाना होता. तो मी प्रामाणिकपणे, सालवार, पुरवणी जोडून भरला. त्याने तो एकदा वाचला, पुन्हा वाचला, मजकडे पाहिले, गल्ल्यातून पुतण्याची फी काढली आणि पै न् पै मोजून माझ्या हातावर ठेवली.

“काका, तुमचा राग नाही,” तो हात जोडून म्हणाला, “पण मी कर्ज काढून क्लास टाकलाय.”

फी परत करणारा क्लासवाला मी उभ्या हयातीत प्रथमच पाहिला. त्या मुलाला भवितव्य आहे.

पुतण्या मात्र हार मानणारा नव्हता. “मग मीच शिकवतो,” म्हणून त्याने त्याच रात्री आपला लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर मांडला. “विचारा काहीही.” मी चष्मा पुसला, करंगळ्या ए आणि अर्धविरामावर टेकविल्या, आणि छताकडे पाहत प्रश्न लिहू लागलो. दोन परिच्छेद झाले तरी पुतण्या पडद्याकडे पाहत नव्हता. तो माझ्या दहा बोटांकडे पाहत होता. बारा वर्षे संगणकावर भाकरी कमावणारा हा अभियंता स्वतः दोन तर्जन्यांनी, कोंबडीने दाणे टिपावे तसा, अक्षरे वेचीत असतो, हे मला त्या रात्री कळले.

“काका, तुम्ही कळांकडे बघतच नाही?”

“बघितलं की सर पुठ्ठा मारायचे.”

तो बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “मला शिकवाल हे?”

मला क्षणभर भरून आले. लाकडी जिना, वाण्याच्या थरथरणाऱ्या बरण्या, ओळीच्या अखेरची ती घंटी, सारे कानाशी येऊन गेले. पण आळीविषयी माझे काही कर्तव्य आहे. मी लॅपटॉप मिटला, पुड्यातला शेवटचा पेढा त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, “नको रे बाबा. मी शिकलोय, तेवढं तू शिकू नकोस.”